तीन मिलिमीटर

कुपवाडला, सावळी रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं शेड.
पाटी लहान आहे, धुळीनं आणखी लहान.
आत आम्ही हवेला दरवाजे करतो.
हवा विकत नाही. ती कुठं थांबेल, किती थांबेल
एवढंच विकतो, जीएसटी वेगळा.

मी कोटेशनं लिहिते. बावीस वर्षं झाली.
सुरुवातीला सगळं एका पानात मावायचं:
पत्रा, चार पाती, एक दांडी, एक फुलपाखरू नट.
गिऱ्हाईक म्हणजे एखादं थिएटर, एखाद्या कारखान्याचं गोदाम.
नट सैल करायचा, पाती फिरवायची, खडूनं खूण करायची,
उन्हाळ्याची पांढरी, हिवाळ्याची लाल.
खूण पुसली की माणूस शिडीवर चढायचा.
आता शिडी कोणी मागत नाही.

आता विचारतात, पातं आपलं आपण फिरेल का,
खोलीत किती जण श्वास घेतायत ते त्याला कळेल का.
कळतं. सेन्सर लावला, मोटर लावली की कळतं.
मोटर बाहेरून येते. पत्रा आमचा, डोकं तिचं,
आणि डोक्याचा दर पत्र्याच्या तिप्पट.
खालची रक्कम बघून सुरगोंडा पाटील, आमचे मालक,
चष्मा काढून पुसतात,
जसं काही काचेवरच एक शून्य जादा बसलंय.

साथीच्या दोन वर्षांत मिरजेचे दवाखाने
रात्री अकराला फोन करायचे.
लेटरहेडवर नुसता आकडा आणि ‘लवकर’.
आम्ही पत्रा उधारीवर उचलला, तीन पोरं वाढवली.
मग एका सोमवारी फोन थांबले.
सतरा डँपर तयार होते भिंतीला टेकून.
आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणावं, तर
वाऱ्याचाच धंदा आमचा.

पुण्याहून सल्लागार आला.
लॅपटॉपवर एक रेघ, दंडोबाच्या चढासारखी.
डेटा सेंटर, मेट्रोची स्टेशनं, औषधांचे कारखाने.
“पुढची सात वर्षं रेघ वरच,” तो म्हणाला
आणि रुमालानं मान पुसली.
एप्रिल होता. पत्र्याखाली बेचाळीस.
“इथं व्हेंटिलेशनचं काय?”
कोणी हसलं नाही.
बाबालाल शिकलगार तेवढा म्हणाला,
“साहेब, आमचं नाव पुढच्या रेघेत हाय.”

बाबालाल माल तपासतो. उदबत्ती पेटवून
बंद पात्यांच्या फटीपाशी धरतो.
धूर आत ओढला गेला, माल परत.
सरळ वर गेला, सही.
मशीन घेतलंय आम्ही, छापील आकडा देतं.
आकडा गिऱ्हाइकाला, उदबत्ती आम्हाला.
मोगऱ्याच्या वासाचे डँपर हिंजवडीला गेलेत,
तिथं कोणाला पत्ता नाही.

मे महिन्यात एक परत आला.
सहाशे बाय सहाशे. मोटरच्या दांडीचं भोक
तीन मिलिमीटर सरकलेलं. वर लाल शिक्का.
मी वहीत लिहिला: भंगार.
दुसऱ्या दिवशी तो भिंतीत होता,
पश्चिमेला, प्रेसच्या मागं, विटा काढून बसवलेला.
दांडीला सुतळी, सुतळीला वजन म्हणून जुना नट.
मालकांनी बघितलं. विटांचं विचारलं नाही.
वारा वाहील तशी पाठ द्यावी म्हणतात,
त्यांनी खुर्ची उचलली
आणि तिकडं पाठ करून बसले.

चार वाजता बाबालाल सुतळी ओढतो.
चारी पाती एकदम वळतात, आवाज नाही,
बुश तेवढे त्यानं निवडून घातलेत.
शेजारच्या कोल्ड स्टोअरेजवरून
बेदाण्याचा गोडसर वास येतो,
माझ्या कोटेशनांचे कोपरे उचलतो.
मी त्यांवर पंचिंग मशीन ठेवते.

वहीतली ओळ अजून तशीच आहे:
भंगार, एक नग, साडेअकरा किलो,
रक्कम येणे बाकी.